ड्रॅगन फ्रूट उन्हाने भाजलं, पावसात सडलं? पाणी वाढवू नका, आधी हे वाचा

परभणी : एप्रिल अर्धा सरला की ड्रॅगन फ्रूटच्या बागेत खांबाच्या पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या फांद्या पिवळ्या पडायला लागतात. मे महिन्यात त्याच फांद्यांवर पांढुरके, मग तपकिरी चट्टे दिसतात. शेतकरी म्हणतो, झाड तहानलं. ड्रिपचा वेळ दुप्पट होतो. आणि मिरगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांत त्याच चट्ट्याच्या जागी फांदी मऊ पडून घाण वास सुटतो. उन्हात गेलेली फांदी आणि पावसात गेलेलं झाड ही दोन वेगळी संकटं वाटतात, पण बहुतेक वेळा ते एकच दुखणं असतं. उन्हाने कातडी फाडली आणि पावसाने त्या फटीतून रोग आत नेला, इतकंच.

जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणी या फळाच्या बागा उभ्या राहिल्या. सिमेंटचे खांब, वरच्या रिंगा, रोपं, ठिबक असा एकरी काही लाखांचा खर्च एकदम करावा लागतो. दहा बाय दहा फुटांवर खांब धरला तर एकरात साधारण 435 खांब बसतात, एका खांबाला चार रोपं धरली तर 1,740 रोपं. कापूस बुडाला तर पुढच्या वर्षी दुसरं काही पेरता येतं. इथं खांब उपटून टाकता येत नाही. म्हणून भाजलेलं आणि सडलेलं झाड वाचवायचं कसं, हे माहीत असलेलं बरं.

निवडुंग खरा, पण वाळवंटातला नव्हे

ड्रॅगन फ्रूट हा निवडुंगाच्याच कुळातला वेल. गुजरात सरकारने जानेवारी 2021 मध्ये त्याचं नाव ‘कमलम’ ठेवलं, पण बाजारात अजून जुनंच नाव चालतं. निवडुंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बांधावरचा फड्या निवडुंग येतो. त्याला कोणी पाणी घालत नाही, सावली करत नाही, तरी तो पन्नास वर्षं उभा राहतो. मग ड्रॅगन फ्रूट का भाजतं?

कारण त्याचं मूळ घर वेगळं आहे. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलातलं झाड. तिथं ते मोठ्या झाडांच्या बुंध्यावर आणि खडकांवर चढतं, हवेतल्या मुळांनी धरून राहतं आणि पानांतून गाळून आलेल्या उन्हावर जगतं. फड्याचं पान उभं असतं, त्यामुळे दुपारचं ऊन त्याच्या कडेवर पडतं. ड्रॅगन फ्रूटची फांदी रिंगेवरून वाकून खाली लोंबते आणि तिची पाठ सरळ आभाळाकडे राहते. मेच्या मध्याला परभणीत दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, माणसाची सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत रिंगेवरचा बाक सगळ्यात आधी भाजतो. दुपारनंतर पश्चिमेची बाजू.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कापूस, तूर, सोयाबीन दिवसा पानांतून पाण्याची वाफ सोडतात आणि त्या वाफेने पान थंड राहतं, जसं घाम येऊन माणूस थंड होतो. निवडुंगाचं उलटं आहे. तो दिवसा सगळी छिद्रं बंद ठेवतो आणि रात्री उघडतो. लागणारा वायू रात्री आत घेऊन साठवतो, दिवसा दार लावून त्याच्यावर काम करतो. पाणी वाचवायची ही त्याची रीत. पण त्यामुळे दुपारी त्याला घाम येत नाही. हवा 43 अंशांवर असेल तर उन्हातली फांदी त्याहून जास्त तापते. बुडाला कितीही पाणी ओतलं तरी वरची फांदी थंड होत नाही.

म्हणजे भाजणं हे तहानेचं दुखणं नाही, ऊन आणि तापमानाचं आहे. त्याला औषध सावली. पाणी वाढवलं की फक्त मुळं गुदमरतात.

उन्हाळ्यात पाणी बंदच करायचं असा याचा अर्थ कोणी काढू नये. पाणी थोडं, नेमानं आणि सांजच्याला द्यावं. वरची दोन बोटं माती कोरडी झाली की पुन्हा. ठिबकची नळी बुंध्याला चिकटून नको, फूटभर लांब ठेवावी. कालव्याचं आवर्तन सुटलं म्हणून अख्ख्या बागेत पाट मोकळा सोडणं तर या झाडाला सगळ्यात महागात पडतं.

भाजलंय की सडलंय, आधी ओळखा

बोटाने दाबून पाहावं. भाजलेला भाग पिवळा किंवा पांढुरका, पुढे कागदासारखा कोरडा असतो. तो उन्हाच्या बाजूलाच असतो, मागची बाजू हिरवी राहते. दाबलं तर दबत नाही, वास येत नाही.

सडलेला भाग पाण्याने भिजल्यासारखा दिसतो, बोट आत जातं, वास येतो. त्याला ऊन-सावलीची बाजू नसते. हा सड जिवाणूंचा असेल तर दोन-चार दिवसांत वीतभर पसरतो. फांदीचा गर पाण्यासारखा होऊन गळतो आणि मधली काडी तेवढी राहते.

तिसरा प्रकार बुरशीचा. फांदीवर आधी बारीक पिवळसर-नारिंगी ठिपके येतात, मग ते उठावदार तपकिरी खपल्या होतात आणि शेवटी तिथं भोक पडतं. ‘निओसायटॅलिडियम’ नावाच्या बुरशीने हा देवीसारखा रोग होतो. व्हिएतनाम, मलेशिया, तैवान या ड्रॅगन फ्रूटच्या देशांत तिने बागांना फार त्रास दिला आहे. या बुरशीला उष्णता मानवते आणि पावसाच्या शिंतोड्यांनी ती पसरते. म्हणजे आपला उन्हाळा आणि त्यामागून येणारा पावसाळा दोन्ही तिच्या सोयीचे.

आणि एक फसवं लक्षण. माती ओली आहे, तरी फांदी सुरकुतली, बारीक झाली, खांबावर सैल पडली. बऱ्याच जणांना वाटतं पाणी कमी पडतंय. खरं तर मुळं कुजलेली असतात, त्यामुळे पाणी वर चढत नाही. बुंध्याजवळची माती हाताने उकरून मुळं बघावीत. पांढरी, घट्ट असली तर ठीक. तपकिरी, साल सुटणारी असली तर पाणी त्या दिवसापासून बंद.

भाजलेल्या फांदीला मे महिन्यात कात्री नको

पिवळी फांदी दिसली की ती कापून टाकायचा मोह होतो. तो आवरावा. नुसती पिवळी पडलेली फांदी सावली मिळाल्यावर आणि पावसाळी हवेत बरीचशी हिरवी होते. पांढरी-तपकिरी झालेली जागा पुन्हा हिरवी होत नाही हे खरं, पण ती फांदी खालच्या फांद्यांवर सावली धरून असते. वरची भाजलेली काढली की आतली कोवळी उघडी पडते आणि पुढच्या आठ दिवसांत तीही भाजते. वरून कापलेली जखम वेगळीच. कोरडा चट्टा असेल तर फळांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत, त्याला हात लावू नये. सड लागला तर मात्र थांबायचं नाही.

मे महिन्यात करायचं काम सावलीचं. शेडनेट परवडत असेल तर 35 ते 50 टक्के सावलीची जाळी पुरे. त्याहून दाट नको, नाहीतर फांद्या लांबुळक्या होतात आणि फुलं कमी लागतात. मार्चअखेर लावून पाऊस लागल्यावर ती गुंडाळून ठेवावी. जाळी परवडत नसेल तर रिंगेवर उसाचं पाचट, तुराट्या, जुनी गोणपाटं किंवा जुन्या साड्या पसरून बांधल्या तरी वरचा बाक वाचतो. दिसायला बाग बुजगावण्यांची वाटते, वाटू द्या. पाचट-तुराट्या घातल्या तर बागेच्या कडेचं गवत काढून ठेवावं आणि बांध पेटवणाऱ्या शेजाऱ्याला आधी सांगून ठेवावं.

कायमचा उपाय झाडाचा. पूर्वी पानमळ्यात वेलींना आधार आणि सावली म्हणून शेवरी, हदगा, पांगारा लावत. तीच अक्कल इथं चालते. ओळींमध्ये पश्चिमेच्या बाजूने शेवगा किंवा हदगा लावला तर त्याची विरळ पानं जंगलातल्यासारखं गाळलेलं ऊन देतात, वर शेंगांचे चार पैसे मिळतात. पावसाळ्यात मात्र शेवग्याची छाटणी करून हवा मोकळी ठेवावी लागते.

फवारणीत केओलिन उपयोगी आहे. ही पांढरी, बारीक चिकणमातीच. लिटरला 50 ग्रॅम, म्हणजे 15 लिटरच्या पंपाला 750 ग्रॅम या प्रमाणात मार्चअखेर सकाळी लवकर किंवा सायंकाळी फवारली की फांदीवर पांढरा थर बसतो आणि ऊन परावर्तित होतं. डाळिंबाच्या फळांना चट्टे पडू नयेत म्हणून वापरतात, तीच ही. महिन्याभराने थर उडालेला दिसला तर दुसरा हात द्यावा. पंपात सारखं ढवळत राहायचं, नाहीतर नोझल तुंबतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर युरिया देऊ नये. त्याने कोवळे, पाणीदार फुटवे येतात आणि तेच आधी भाजतात, तेच आधी सडतात. रोपवाटिकेच्या सावलीतली रोपं थेट फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात लावणं हीसुद्धा आपल्याकडची नेहमीची चूक. लागवड जून-जुलैत करावी आणि पहिल्या उन्हाळ्यात प्रत्येक रोपाला पश्चिमेकडून आडोसा द्यावा.

काळ्या रानात सड का जास्त?

जिंतूरच्या डोंगराकडचं मुरमाड रान आणि गोदावरी-दुधनेच्या काठची खोल काळी यांच्यात या झाडासाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्या हलक्या रानात कापूस धड येत नाही तिथं ड्रॅगन फ्रूट सुखी राहतं, कारण पाणी थांबत नाही. बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, तिथं खडकाळ माळावर या पिकावर काम झालेलं आहे ते याच कारणाने.

काळी माती पावसात फुगून चिकटते आणि हवा बंद करते. उन्हाळ्यात तिलाच भेगा पडतात. ड्रॅगन फ्रूटची मुळं वरच्या वीतभर थरातच पसरलेली असतात, त्यामुळे भेग रुंद होताना ती तुटतात. तुटलेल्या मुळातून पहिल्याच पावसात कूज शिरते. 2024 आणि 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तसल्या पावसात सपाट काळ्या रानातली बाग तगणं कठीणच.

काळीत बाग असेलच तर बेड उंच हवा. दीड फूट उंच, तीन-चार फूट रुंद गादीवाफा, त्यात मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळलेलं, आणि दोन ओळींमधून पाणी बाहेर काढणारा चर. लागवड होऊन गेली असेल तरी चर पाडता येतो, तेवढं तरी मिरगाआधी करावं. आच्छादन घालावं, त्याने भेगाही कमी पडतात, पण बुंध्यापासून चार बोटं मोकळी ठेवावीत. बुंध्याला चिकटलेलं ओलं पाचट म्हणजे सडाला आमंत्रण, शिवाय त्याखाली गोगलगायी बसतात.

सडलेलं झाड कसं कापायचं

पावसाची उघडीप मिळाली की त्याच दिवशी, ऊन असताना, सकाळी दहा-अकराच्या पुढे काम धरावं. म्हणजे रात्र पडण्याआधी जखम सुकते. पाऊस चालू असताना कापलं तर न कापलेलं बरं.

चाकू धारदार हवा. प्रत्येक कापणीनंतर तो स्पिरिटने पुसावा किंवा जाळावर धरावा. हा नियम पाळायला कंटाळा येतो, पण सडलेली फांदी कापून त्याच चाकूने चांगली कापली तर आपणच रोगाची लागण केली असं होतं.

सड फांदीच्या टोकाला किंवा मध्ये असेल तर सडलेल्या जागेपासून तीन-चार बोटं खाली, निरोगी हिरव्या भागात कापावं. मग कापलेला तोंडवळा बघावा. गर पांढरा-हिरवा आणि मधला गोल स्वच्छ असेल तर झालं. मधल्या गोलात तपकिरी किंवा तांबूस ठिपका दिसला तर रोग आतून पुढे गेलेला आहे. परत चाकू पुसायचा, परत दोन बोटं कापायचं. स्वच्छ लागेपर्यंत.

बुंधा सडला तर लगेच झाड उपटू नका. गर गळून गेला तरी मधली काडी घट्ट आणि पांढरट असेल तर झाड जगू शकतं, कारण पाणी त्या काडीतूनच वर जातं. सडलेला गर चमच्याने किंवा बोथट चाकूने खरवडून काढावा, काडीला इजा करू नये, जागा दिवसभर उघडी सुकू द्यावी आणि मग मलम लावावं. काडीवर उभी असलेली अशी झाडं पुढे फळंही देतात. दिसायला विचित्र दिसतं एवढंच.

मलम म्हणजे बोर्डो मलम. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. थोडंच लागणार असेल तर 100 ग्रॅम, 100 ग्रॅम आणि 1 लिटर. मोरचूद अर्ध्या पाण्यात रात्रभर भिजवावं, चुना उरलेल्या अर्ध्यात विरघळवून गाळून घ्यावा. दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काठीने ढवळावं. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची चालत नाहीत. तयार मलमात स्वच्छ विळ्याचं पातं बुडवून पाहावं. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालं, आणखी चुना घालावा. मलम त्याच दिवशी वापरायचं, उरलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. घरात करायचं नसेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईड पाण्यात दाटसर कालवून जखमेवर लावलं तरी काम भागतं. तेच औषध लिटरला 3 ग्रॅम या प्रमाणात आसपासच्या झाडांवर फवारता येतं आणि बुंध्याशी ओतता येतं.

ट्रायकोडर्मा वापरायचा असेल तर तो शेणखतात मुरवून मिरगाच्या आधी द्यावा. तांब्याचं औषध आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देऊ नये, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्यावेत. ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे, तांब्याने तीही मरते. दुकानदार पुष्कळदा दोन्ही एकाच पिशवीत भरून देतो.

कापलेला सडका माल बांधावर किंवा उकिरड्यात टाकू नका. तो बागेबाहेर खड्ड्यात पुरावा किंवा सुकवून जाळावा. पावसाळ्यात बांधावर पडलेल्या तुकड्यावरून उडालेले शिंतोडे पुन्हा बागेतच येतात.

बुंधा गेला, वरचा भाग चांगला असेल तर

मुळं आणि मधली काडी दोन्ही गेली तर खालचं झाड संपलं, पण वरचं संपलेलं नसतं. हा या जातीचा मोठा गुण आहे. वरच्या निरोगी फांदीचे फूट-सव्वा फुटाचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्याची खालची बाजू कोणती ते खूण करून ठेवावं, कारण उलटा लावलेला तुकडा नीट फुटत नाही. तुकडे सावलीत, हवेशीर जागी पाच ते सात दिवस ठेवावेत. कापलेलं तोंड कोरडं, कडक झालं पाहिजे. ओलं तोंड तसंच मातीत घातलं की आठ दिवसांत सड.

मग वाळू किंवा चाळलेला मुरूम दोन भाग आणि कुजलेलं शेणखत एक भाग भरलेल्या पिशवीत दोन इंच खोल लावावेत. पहिले पाच-सहा दिवस पाणी नाही, नंतर जेमतेम ओल. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. चांगल्या जाडजूड फांदीपासून केलेलं रोप साधारण दुसऱ्या वर्षी फुलावर येतं, त्यामुळे सड लागलेल्या खांबाच्या जागी विकतचं रोप आणण्याऐवजी त्याच बागेतलं निरोगी झाड वाढवणं स्वस्त पडतं. मात्र जिथं झाड कुजून मेलं तिथली माती काढून उन्हात पसरावी, नवा मुरूम भरावा आणि मगच लावावं.

घरच्या कुंडीतला निवडुंग

जत्रेत, नर्सरीत हिरव्या दांड्यावर लाल किंवा पिवळा गोळा बसवलेला छोटा निवडुंग मिळतो. पोरं हौसेने आणतात, पत्र्यावर किंवा पश्चिमेच्या ओट्यावर ठेवतात आणि महिन्याभरात तो खालून मऊ पडतो. त्याचा खालचा हिरवा दांडा बहुतेक ड्रॅगन फ्रूटचाच असतो, त्यामुळे दुखणंही तेच. वरच्या रंगीत गोळ्यात हिरवं द्रव्य नसतं, तो स्वतःचं अन्न तयार करू शकत नाही. म्हणून दांडा सडल्यावर गोळा काढून मातीत लावला तर तो जगत नाही.

त्याला नवा दांडा द्यावा लागतो. शेतातल्या ड्रॅगन फ्रूटचा मुळं धरलेला छोटा तुकडा घ्या, वरून सपाट कापा. गोळ्याचं बूड स्वच्छ लागेपर्यंत सपाट कापा. दोन्हीकडे मधला बारीक गोल दिसतो, ते गोल एकमेकांवर आले पाहिजेत. निदान थोडे तरी. वरून दोरा किंवा रबर बँड कुंडीच्या बुडाखालून घेऊन हलका ताण द्या आणि दहा दिवस सावलीत ठेवा. वरून पाणी पडू देऊ नका.

आपल्याकडे कुंपणाच्या त्रिधारीलाही निवडुंगच म्हणतात. तो या कुळातला नाही. कापल्यावर पांढरा चीक निघाला तर ते वेगळं झाड समजावं आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नये.

नमुना कुठं दाखवायचा

या पिकासाठी औषधांच्या लेबलवर शिफारशी अजून फार थोड्या आहेत. त्यामुळे दुकानातून कुणाच्या तरी सांगण्यावरून तीन-चार औषधं एकत्र करून मारण्याआधी रोग ओळखून घ्यावा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीतच आहे, तिथल्या वनस्पती रोगशास्त्र विभागात नमुना दाखवता येतो. जवळचे सहायक कृषी अधिकारी असतातच. किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

नमुना नेताना पूर्ण सडलेला तुकडा नेऊ नये, त्यात मूळ रोगाऐवजी नंतर आलेले जंतूच सापडतात. अर्धा निरोगी, अर्धा रोगट असा, सडाची कड मध्ये येईल असा तुकडा कापावा. तो वर्तमानपत्रात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, वाटेतच घाम सुटून पाणी होतं. सोबत बुंध्याजवळची मूठभर माती आणि मोबाईलमध्ये अख्ख्या खांबाचा, चारही बाजूंनी काढलेला फोटो असावा. कोणती बाजू पश्चिमेची ते फोटो काढतानाच बोलून ठेवा.